पार्किंग लॉटमधल्या गाड्यांना एफएमवर आरती ऐकवायची आहे: विनापरवाना चालणारा ट्रान्समीटर कोणता घ्यावा?

न्यू जर्सीतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यवाह ताईंचा प्रश्न असा आहे: गणपतीला हॉल पुरत नाही, म्हणून शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये साधारण ८० गाड्या लावायच्या आणि लोकांनी गाडीतल्या रेडिओवर आरती नि कार्यक्रम ऐकायचा, असं कार्यकारिणीत ठरतंय. ऑनलाइन एक सात वॅटचा एफएम ट्रान्समीटर स्वस्तात मिळतोय. जाहिरातीत 'एफसीसी कम्प्लायंट, एक मैल रेंज' असं लिहिलंय, म्हणजे रेडिओ प्रसारणाचे नियम करणाऱ्या एफसीसी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमांत बसणारा. आपल्याकडे परवाना नाही. घ्यायचा का?

ताई, तो घेऊ नका. पण बेत मात्र रद्द करू नका. तुम्हाला जे करायचंय ते परवान्याशिवाय, पूर्ण कायद्यात बसवून करता येतं. त्यासाठी खरेदी करताना विचार उलट्या बाजूने करावा लागतो. मी रेडिओ फ्रिक्वेन्सीचं काम करतो, ट्रान्समीटर बसवणं आणि तपासणं हाच माझा रोजचा उद्योग आहे. या प्रश्नात बहुतेक जण 'किती वॅट?' इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

अमेरिकेत परवान्याशिवाय एफएम पट्ट्यात काय चालतं, ते एफसीसीच्या नियमावलीतल्या भाग १५ मध्ये, कलम १५.२३९ मध्ये आहे. त्यात एफएमसाठी वॅटचा आकडाच नाही. मर्यादा आहे ती फील्ड स्ट्रेंग्थची, म्हणजे ठरावीक अंतरावर हवेत सिग्नल किती जोरदार आहे त्याची: ट्रान्समीटरपासून ३ मीटर अंतरावर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, आणि सगळं प्रसारण २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात बसलं पाहिजे. तुमच्या डब्यातून किती वीज निघते याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, ती हवेत किती पसरते ते तो मोजतो. तरी कुतूहल म्हणून गणित केलं, तर ही मर्यादा सुमारे १९ नॅनोवॅटला येऊन थांबते. म्हणजे सात वॅटचा तो ट्रान्समीटर साध्या अँटेनावरसुद्धा मर्यादेच्या जवळजवळ ३७ कोटी पट आहे. त्यामुळे अमेरिकेत परवान्याशिवाय वापरायच्या एफएम ट्रान्समीटरच्या जाहिरातीत वॅटचा आकडा ठळक छापलेला दिसला, की पान बंद करावं. अर्धा वॅट असो की पंधरा, दोन्ही बेकायदेशीरच. मैलभर रेंजचा दावाही तसाच. कायद्यातल्या मर्यादेत एफएमचा उपयोगी पल्ला साधारण २०० फूट, म्हणजे ६१ मीटर, असं एफसीसी स्वतःच सांगते.

आता 'कम्प्लायंट' या शब्दाकडे वळू. हा शब्द कोणीही छापू शकतो. खोक्यावरचं एफसीसीचं चिन्हही पुरेसं नाही, कारण ते उपकरणातल्या डिजिटल भागापुरतं असू शकतं. मुद्दाम रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणाला एफसीसीचं सर्टिफिकेशन लागतं आणि त्याचा पुरावा म्हणजे उपकरणावर छापलेला एफसीसी आयडी. युरोपचं सीई चिन्ह इथे कामाचं नाही. असं सर्टिफिकेशन नसलेलं उपकरण अमेरिकेत विकणं हाही गुन्हाच आहे, तरी ती सर्रास विकली जातात. मोठ्या दुकानाच्या साइटवर दिसलं म्हणजे तपासलेलं असेल, असं धरून चालू नका.

आयडी तपासायला पाच मिनिटं लागतात, पण ती द्याच. ट्रान्समीटर उलटा करून मागचं लेबल बघा. आयडीचे दोन भाग असतात. पहिला भाग कंपनीचा कोड: अक्षराने सुरू होत असेल तर तीन अक्षरी, अंकाने सुरू होत असेल तर पाच अक्षरी. उरलेला भाग त्या मॉडेलचा. एफसीसीच्या साइटवर उपकरणं शोधायचं पान आहे, तिथे हे दोन भाग दोन वेगळ्या चौकटींत टाकायचे. नोंद उघडली की आधी फ्रिक्वेन्सीची रेंज बघा. ती ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या आत हवी. इथेच एक मेख असते: आजकाल बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये ब्लूटूथ असतं आणि आयडी फक्त त्या २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथ भागाचा निघतो. एफएमचा भाग कोणी तपासलेलाच नसतो. मग 'एक्स्टर्नल फोटो' ही फाइल उघडा आणि फोटोतला डबा तुमच्या हातातल्या डब्याशी ताडून बघा. दुसऱ्याच वस्तूचा आयडी चिकटवलेला असेल तर तो इथे उघडा पडतो. शेवटी टेस्ट रिपोर्ट. त्यात पट्ट्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला केलेली मोजमापं असतात. मर्यादेच्या रकान्यात ४८ च्या जवळचा आकडा (बहुधा ४७.९६) दिसेल. २५० मायक्रोव्होल्ट डेसिबलमध्ये लिहिले की तोच आकडा येतो. शेजारच्या रकान्यातलं प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या किती जवळ गेलंय ते बघा. खरेदीचा माझा निकष हाच. सर्टिफिकेशन असलेले दोन ट्रान्समीटर समोर असतील तर मर्यादेच्या एक-दोन डेसिबल खाली बसणारा घ्या. पंधरा डेसिबल खाली असलेला तितकाच कायदेशीर असतो, पण पार्किंग लॉटच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. सी. क्रेन आणि होल हाउस एफएम ही नावं इथल्या हौशी मंडळींत बरीच वर्षं ऐकू येतात. सुरुवात तिथून करा, पण नाव बघून विश्वास टाकू नका, आपल्या हातातल्या नगाचा आयडी तपासाच.

अँटेनाही बघा. कलम १५.२०३ प्रमाणे ती उपकरणाला कायमची जोडलेली असावी लागते किंवा तिचा जोड खास वेगळ्या घडणीचा असावा लागतो. कोणतीही बाजारी अँटेना लावता येईल असं नेहमीचं बीएनसी सॉकेट मागे दिसलं, तर तो ट्रान्समीटर या नियमाखालचा नाही. घेतल्यावरही अँटेनाला तार जोडून ती लांब करू नका, आणि काही उपकरणांत बटणं विशिष्ट क्रमाने दाबून पॉवर वाढवता येते, तीही वाढवू नका. तसं केलं की सर्टिफिकेशन संपलं.

मंडळात एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा हौशी असतोच आणि तो म्हणतो, 'मी घरी बनवतो.' त्यालाही नियमात जागा आहे: विकायचे नसलेले, स्वतःच्या वापरासाठी बनवलेले पाचपर्यंत नग सर्टिफिकेशनशिवाय चालतात. पण ते किटमधून जोडलेले नसावेत आणि २५० मायक्रोव्होल्टची मर्यादा त्यांनाही तितकीच लागू असते. फील्ड स्ट्रेंग्थ मोजायला प्रमाणित अँटेना आणि चांगलं उपकरण लागतं. मंडळाच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमासाठी मी या वाटेला जाणार नाही.

आता पल्ल्याचं बघू. ८० गाड्या, मधले रस्ते धरून, साधारण ५० बाय ५० मीटरच्या जागेत मावतात. ट्रान्समीटर या चौकोनाच्या मधोमध ठेवला तर सर्वांत लांबचा कोपरा ३५ मीटरवर येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की फील्ड निम्मं होतं. तेव्हा ३ मीटरवर २५० असेल तर ३५ मीटरवर साधारण २१ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर उरतात. जमीन आणि गाड्यांचे पत्रे यातून अजून काही खातील. तरीही गाडीच्या बाहेरच्या अँटेनाला एवढ्यावर आवाज स्वच्छ मिळतो. हाच ट्रान्समीटर हॉलमध्ये मिक्सरशेजारी ठेवला, तर मधे भिंत येते आणि पलीकडचा कोपरा ५५ मीटरच्याही पुढे जातो. मग मागच्या रांगेतून 'खरखर येतेय' अशी तक्रार आली की कोणीतरी जास्त पॉवरचा डबा मागवायची भाषा करतो. त्याऐवजी मिक्सरपासून लॉटच्या मध्यापर्यंत बॅलन्स्ड ऑडिओ केबल (लांब अंतरावरही बाहेरची खरखर न पकडणारी) टाका, ट्रान्समीटर तिथे प्लास्टिकच्या खांबावर दोन-अडीच मीटर उंच बांधा, आणि तो बॅटरीवर चालवा. केबल ट्रान्समीटरला जोडण्याआधी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. हॉलच्या वीजपुरवठ्याची गुणगुण त्याने थांबते. ट्रान्समीटरजवळ केबलवर फेराइट कोअरही (केबलवरून जाणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारं चुंबकीय कडं) लावा, नाहीतर लांबलचक केबल स्वतःच अँटेनासारखी वागते आणि मर्यादा नकळत ओलांडली जाते.

आणि ट्रान्समीटर मोनोवर ठेवा. स्टीरिओला तेवढ्याच स्वच्छ आवाजासाठी कितीतरी जास्त सिग्नल लागतो. आरतीला आणि भाषणांना स्टीरिओची गरज नाही. मोनोवर टाकल्यावर मागच्या रांगेतली खरखर जाते हे प्रत्येक ठिकाणी दिसतं, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही.

लॉट याहून मोठा असेल तर दोन ट्रान्समीटर घ्या, पण दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर लावू नका. दोघांच्या मधल्या जागेत ते एकमेकांना खातात. डाव्या बाजूला एक फ्रिक्वेन्सी, उजव्या बाजूला दुसरी, आणि गाडी आत येताना स्वयंसेवकाने हातात आकडा छापलेली चिठ्ठी द्यायची.

फ्रिक्वेन्सी निवडणं हे इथलं सर्वांत कठीण काम आहे. न्यू जर्सीचा डायल एका बाजूने न्यूयॉर्क आणि दुसऱ्या बाजूने फिलाडेल्फिया यांनी भरलेला आहे. एफएम रिसीव्हर दोनांपैकी जोरदार सिग्नल पकडतो आणि दुसरा दाबून टाकतो. लायसन्स असलेल्या स्टेशनच्या सेवाक्षेत्राच्या कडेलाही अनेकदा १००० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर असतात आणि तुमच्याकडे कोपऱ्यात २१. स्पर्धा होऊच शकत नाही, म्हणून खरोखर रिकामी जागाच शोधावी लागते. शेजारचा चॅनेलही बघा. एचडी रेडिओवर (नेहमीच्या एफएमसोबत डिजिटल प्रसारणही) चालणाऱ्या स्टेशनच्या डिजिटल लहरी त्याच्या केंद्रापासून २०० किलोहर्ट्झच्या जवळपास पसरतात, त्यामुळे लगतचा चॅनेल रिकामा वाटला तरी त्यावर सूं सूं आवाज राहतो.

रिकामी जागा हवी म्हणून बरेच जण ८७.९ वर जातात, कारण तिथे कोणी नसतं आणि ट्रान्समीटरच्या डायलवर तो आकडा असतो. तिथे जाऊ नका. कलम १५.२३९ चा पट्टा ८८ पासून सुरू होतो आणि तुमचे २०० किलोहर्ट्झ पूर्णपणे त्याच्या आत बसले पाहिजेत. म्हणजे पहिली कायदेशीर जागा ८८.१ आणि शेवटची १०७.९. ८७.९ वर प्रसारण केलं की तुम्ही टीव्हीच्या सहाव्या चॅनेलच्या हद्दीत शिरता.

गणेशोत्सवाची एक खास अडचण आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या किनाऱ्यावर हवेचे थर असे बसतात की एफएम लहरी वाकून शेकडो किलोमीटर जातात. दुपारी रिकामी सापडलेली जागा संध्याकाळी किंवा पहाटे दुसऱ्या राज्यातल्या स्टेशनने भरलेली असते. म्हणून निदान आठवडाभर आधीपासून, कार्यक्रमाच्याच वेळेला, त्याच लॉटमध्ये गाडी लावून डायल ऐका. तीन जागा कागदावर लिहून ठेवा आणि त्या दिवशी दोन तास आधी एक पक्की करा. एखादं क्षीण स्टेशन ऐकू येत असेल तर त्याच्यावर बसू नका. तुम्हाला ते क्षीण वाटत असेल, पण शेजारच्या घरात कोणी तेच ऐकत असेल. भाग १५ चा पायाच हा आहे की तुमच्यामुळे कोणाला त्रास होता कामा नये आणि दुसऱ्याचा झाला तर तुम्ही सोसायचा.

आता झांजा. बाकी सगळं जमलं तरी पहिल्या 'सुखकर्ता दुखहर्ता'ला रेडिओवर फाटका आवाज येतो आणि लोक ट्रान्समीटरला दोष देतात. कारण असं: एफएममध्ये प्रसारण करताना वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रिसीव्हर ते परत खाली आणतो. अमेरिकेत हे प्रमाण ७५ मायक्रोसेकंदाचं आहे, म्हणजे १५ किलोहर्ट्झला जवळजवळ १७ डेसिबल वाढ. भारतात आणि युरोपात ते ५० आहे, म्हणून तिकडून आणलेला ट्रान्समीटर इथे दबका ऐकू येतो. बोलण्यात वरचे सूर कमी असतात, तेव्हा काही बिघडत नाही. झांज, टाळ आणि घंटा यांचा जवळजवळ सगळा जोर तिथेच असतो. माइकपासून हातभर अंतरावर झांज वाजली की ट्रान्समीटर आपल्या २०० किलोहर्ट्झच्या बाहेर उसळतो. आवाज फाटतो तो फाटतोच, वर शेजारच्या चॅनेलवर शिंतोडे उडतात, आणि ते नियमभंगात मोजलं जातं. उपाय साधा आहे. झांजवाल्या मंडळींना माइकच्या मागच्या बाजूला, तीन-चार मीटर लांब उभं करा. मिक्सरवर ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या आउटपुटचा ट्रेबल उतरवा. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) असेल तर तो लावा. आणि लेव्हल ठरवताना भाषणावर ठरवू नका, झांजेवर ठरवा. त्यासाठी आदल्या दिवशी पूर्ण आरती वाजवून घ्या.

जास्त पॉवरच्या स्वस्त ट्रान्समीटरबद्दल मी इतका अडून का बसतो, तेही सांगतो. एफएम पट्ट्याच्या वर, १०८ मेगाहर्ट्झला लागूनच विमानांचा पट्टा सुरू होतो: आधी उतरताना दिशा दाखवणारे सिग्नल, पुढे ११८ ते १३७ मध्ये वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांचं बोलणं. नीट फिल्टर नसलेला ट्रान्समीटर तिथे कचरा फेकतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. न्यू जर्सीच्या डोक्यावरून किती विमानं उतरतात ते तुम्हाला सांगायला नको.

दंडाचंही ऐकून ठेवा. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या पायरेट कायद्याने बेकायदेशीर प्रसारणाला दिवसाला १ लाख डॉलर आणि एकूण २० लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला, आणि ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत जाते. जागेच्या मालकाने जाणूनबुजून चालू दिलं तर त्यालाही त्यात ओढता येतं. म्हणून शाळेच्या व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवा: कोणता ट्रान्समीटर, त्याचा एफसीसी आयडी, फ्रिक्वेन्सी, तारीख आणि वेळ. ट्रान्समीटरच्या सर्टिफिकेशनच्या मंजुरीपत्राची (ग्रँटची) छापील प्रत मिक्सरजवळ ठेवा. एफसीसीच्या माणसाने येऊन बंद करा म्हटलं तर सर्टिफिकेशन असूनही त्या क्षणी बंद करावं लागतं. तो अधिकार नियमातच आहे, वाद घालू नका.

कार्यक्रमापूर्वी गाडी घेऊन शेजारच्या रस्त्यांवरून एक चक्कर मारा. लॉटच्या बाहेर थोडं गेल्यावर आवाज विरला पाहिजे. अर्ध्या मैलावर आरती स्वच्छ ऐकू आली, तर खूश होऊ नका. उपकरणात किंवा केबलमध्ये काहीतरी मर्यादेबाहेर गेलंय.

टोरांटोच्या मंडळातले नातेवाईक सांगतील की आमच्याकडे याहून लांब जातं. बरोबर आहे, कॅनडाची मर्यादा ३० मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट आहे, इथल्यापेक्षा बरीच सैल. लंडनवाले ५० नॅनोवॅटचं सांगतील आणि तिथे २८ दिवसांचा तात्पुरता परवानाही मिळतो. पण ते नियम तिथलेच, त्यांच्या भरवशावर तिकडचा डबा इकडे आणू नका. तसंच इथला डबा सुटकेसमध्ये घालून पुण्याच्या सोसायटीच्या गणपतीला नेऊ नका, एफसीसीच्या कागदाला भारतात किंमत नाही. तिथे गावाला स्वतःचा आवाज हवा असेल तर सामुदायिक रेडिओचा परवाना घ्यावा लागतो, साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखा, आणि तो संस्थेलाच मिळतो.

एफएम पुरत नसेल तर एएमचाही पर्याय आहे. कलम १५.२१९ मध्ये ५१० ते १७०५ किलोहर्ट्झला ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलीवॅट वीज आणि अँटेना, फीडर (अँटेनापर्यंत जाणारी तार), अर्थिंगची तार मिळून ३ मीटर लांबी चालते. चांगलं बसवलं तर पल्ला एफएमहून जास्त मिळतो. पण शहरात विजेच्या उपकरणांची खरखर फार असते आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एएम रेडिओच येत नाही. मंडळात अशा गाड्या किती आहेत ते मोजून मगच ठरवा. इंटरनेटवरचं स्ट्रीमिंग घरी बसलेल्यांसाठी उत्तम, लॉटमध्ये मात्र नको: हॉलमध्ये टाळ्या पडल्यावर काही सेकंदांनी गाडीत 'मोरया' ऐकू येतं.

हॉलमध्ये नाटक असेल आणि मराठी न समजणाऱ्या मुलांना इंग्रजी भाषांतर ऐकवायचं असेल, तर एफएम वापरूच नका. ७२ ते ७६ मेगाहर्ट्झमधल्या काही पट्ट्यांत श्रवणसाहाय्य यंत्रणेला परवान्याशिवाय मुभा आहे आणि भाषांतर हा वापर नियमात नाव घेऊन लिहिलेला आहे. तिथली मर्यादा ३ मीटरवर ८० मिलिव्होल्ट, एफएमच्या तीनशे पटींहून जास्त. रिसीव्हर वेगळे लागतात, गाडीच्या रेडिओवर ते लागत नाही, पण हॉलभर आवाज स्वच्छ मिळतो.

आणि कार्यकारिणीतल्या कोणाच्या मनात वर्षभर चालणारं मराठी स्टेशन असेल, तर त्याचा रस्ता लो पॉवर एफएम परवान्याचा: १०० वॅट, साधारण साडेपाच किलोमीटरचा पल्ला, फक्त स्थानिक ना-नफा संस्थांसाठी आणि जाहिरातींशिवाय. अर्ज कधीही करता येत नाही, एफसीसीने त्यासाठी खिडकी, म्हणजे ठरावीक मुदत, उघडावी लागते. २०१३ नंतर ती थेट डिसेंबर २०२३ मध्ये उघडली होती. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मध्ये मोकळी फ्रिक्वेन्सी मिळणं कठीण आहे, पण संस्थेची नोंदणी, घटना आणि अँटेनासाठी जागेचं संमतिपत्र आतापासून तयार असेल, तर पुढची खिडकी उघडेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकता येईल.